दहा सेकंदांच्या आतले

फोन दोनदा थरथरला आणि गप्प झाला. मीटिंगच्या खोलीतलं टेबल काचेचं, त्यामुळे ती थरथर सगळ्यांनाच ऐकू गेली. साहेबांच्या बशीतला चमचासुद्धा किंचित किणकिणला. त्यानं फोनकडे बघितलंही नाही. दोन रिंगांत थांबणारा फोन त्याच्या ओळखीत एकाच माणसाचा होता. "घ्यायचा असेल तर घ्या हो," समोर बसलेल्या ताई म्हणाल्या. फोनच्या हॉलच्या त्या सुपरवायझर, वयानं त्याच्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या, आणि सगळं ऑफिस त्यांना ताई म्हणतं म्हणून तोही म्हणायचा. "नाही, नाही. आईचा आहे," तो म्हणाला. "तिचं तसंच असतं. काही काम असतं तर धरून ठेवला असता." एवढं बोलून तो पुन्हा भिंतीवरच्या पडद्याकडे वळला आणि वळता वळता त्याला कसंतरीच झालं. कारण हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, तो आत्ता मिनिटभरापूर्वी बोलून गेला होता. ताईंनी विचारलं होतं, फोन लागल्यावर दहा सेकंदांच्या आत ठेवून देणारी जी माणसं आहेत ती या तुमच्या गणितात कुठं दिसत नाहीत, ती गेली कुठं? आणि त्यानं, वर्गात मास्तर सांगतात तसं, सांगितलं होतं, ती आपण धरत नाही, चुकून लागलेले फोन असतात ते, काम असतं तर थांबले असते. पहिल्या वाक्यात तो हजारो अनोळखी माणसांबद्दल बोलत होता आणि दुसऱ्या वाक्यात आईबद्दल, आणि दोन्ही वेळा त्याचा आवाज सारखाच होता, समजूतदार, थोडासा कंटाळलेला.

त्याचं काम काय हे कुणाला समजावून सांगायचं म्हणजे त्याच्या नाकी नऊ यायचे. लग्नाला अठरा वर्षं झाली तरी बायको शेजारणीला सांगायची, "ह्यांचं ते फोनचं असतं बाई." कंपनी धुलाईयंत्रं आणि फ्रीज बनवायची. यंत्रं बंद पडायची, दारं लागायची नाहीत, पाणी फरशीवर यायचं, आणि मग माणसं फोन करायची. ते फोन घ्यायला खालच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये ताईंची सतरा माणसं कानाला यंत्र लावून बसायची. पुढच्या आठवड्यात कुठल्या दिवशी, कुठल्या अर्ध्या तासात साधारण किती फोन येतील आणि त्यासाठी किती खुर्च्यांवर माणसं हवीत, हे आधीच सांगणं हे त्याचं काम. ऑफिसात त्याचं नाव पडलं होतं वेधशाळा. "काय वेधशाळा, आज फोन पडणार का?" असं लिफ्टमध्ये कुणीही विचारायचं, आणि तोही "तुरळक ठिकाणी" असं उत्तर द्यायचा. मनातून त्याला ते नाव आवडायचं. सोमवारी सकाळी फोन का तुंबतात, पगार झाल्यावर नवीन यंत्रं घरी येतात म्हणून पुढचे चार दिवस "हे सुरू कसं करायचं" असले लांबण लावणारे फोन का येतात, हे त्याला तोंडपाठ होतं. माणसं आपल्याला वाटतात तितकी लहरी नसतात, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या कप्प्यात घातली की ती अगदी शहाण्यासारखी वागतात, असं त्याचं आयुष्यभराच्या अनुभवातून झालेलं मत होतं.

आज शनिवार. संध्याकाळपर्यंत त्यानं साहेबांना एक आकडा सांगायचा होता. सतराच्या जागी चौदा चालतील का? चालतील म्हटलं की सर्वांत शेवटी लागलेली तीन माणसं महिनाअखेरीस घरी जाणार होती. साहेब तसे वाईट नव्हते. ते अधूनमधून हॉलमधून फेरी मारायचे आणि दोघं-तिघं हात मांडीवर ठेवून बसलेली दिसली की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "हे काय करतायत?" "वाट बघतायत, साहेब." "कुणाची?" "फोनची." "वा! म्हणजे आपण पगार देतो तो वाट बघायचा." मग त्यानं पुन्हा एकदा समजावायचं की सगळीच माणसं सतत बोलत असली तर पुढचा फोन करणाऱ्याला थांबावंच लागतं, आणि रांग थोडी थोडी वाढत नाही, एका टप्प्यानंतर ती एकदम अंगावर येते, एखादा पाणी प्यायला उठतो, एखादीच्या मुलाला ताप येतो, कुणाचा घसा बसतो, या सगळ्याला त्याच्या हिशेबात गळती म्हणत आणि गळती धरून वर दोन माणसं रिकामी असावीच लागतात. हे सांगताना त्याला दरवेळी वाटायचं की आपण एका फार शहाण्या गोष्टीची बाजू घेतोय. पण यंदा साहेबांच्याही वरून दट्ट्या होता, आणि त्यानं प्रामाणिकपणे गणित मांडलं तेव्हा आकडा खरोखरच चौदा आला होता. त्याला स्वतःला आश्चर्य वाटलं होतं. फोन कमी झाले होते. गेली तीन वर्षं ते हळूहळू कमीच होत होते, आणि रांगेत थांबणाऱ्यांचा वेळही. साहेबांनी त्यावरून त्याचं भर सभेत कौतुक केलं होतं.

"तुमचा आकडा चुकलाय असं मी म्हणत नाही," ताई जिन्यात म्हणाल्या. मीटिंग संपली होती, साहेब पुढे निघून गेले होते. "पण खाली येऊन बसा एकदा. माझी पोरं सांगतात, फोन उचलायला हात पुढं करावा आणि तो गेलेला असावा. दिवसभर असंच. आता इतकी माणसं रोज चुकून आपल्यालाच फोन लावतात होय? इतकी वेंधळी असतात माणसं?" तो हसला. ताई हसल्या नाहीत. "मला त्या तिघांना सांगावं लागणार आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही वरच्या मजल्यावर असता, तुमचं बरं असतं." यात टोमणा होता, पण त्याला तो लागला नाही, त्याचं अर्धं लक्ष खिशातल्या फोनकडे होतं. परत करावा का? परत केला की आई म्हणणार, "काही नाही रे, सहज." गेल्या काही महिन्यांत तो दोन-तीनदा असा फसला होता. सहजच करायचा तर मग दोन रिंगांत ठेवायचा कशाला, असं एकदा तो चिडून म्हणालाही होता. रविवारी नाही तर पुढच्या रविवारी तो तिच्याकडे जायचाच. फ्रीजमध्ये भाजी भरून यायचा, विजेचं बिल भरलंय ना विचारायचा, तासाभरात निघायचा. मुलगा म्हणून आपण अगदीच टाकाऊ नाही, एवढं त्याच्या मनाशी पक्कं होतं.

दुपारी ऑफिस रिकामं झालं. शनिवारी वरचा मजला अर्धाच दिवस असायचा. आकडा सांगून मोकळं व्हायला हवं होतं, पण त्यानं दार लोटून घेतलं आणि कानाला यंत्र लावलं. फोन लागल्याक्षणी ध्वनिमुद्रण सुरू व्हायचं, अगदी रांगेतलंसुद्धा. कायद्यानं ठेवावं लागतं म्हणून ते ठेवलेलं असायचं, ऐकायचं कुणी नाही. दहा सेकंदांच्या आतले फोन त्यानं उघडले. पहिल्यात काहीच नव्हतं, नुसता पंख्याचा आवाज. दुसऱ्यात एक लहान मूल रडत होतं आणि ओळखीचा यंत्रातला बाईचा गोड आवाज म्हणाला, "आपल्या आधी सहा जण रांगेत आहेत," आणि कुणीतरी बाई मुलाला किंवा स्वतःलाच म्हणाली, "अगं आई गं, सहा?" आणि फोन बंद. तिसऱ्यात गोड आवाज म्हणाला, आपल्या आधी नऊ जण रांगेत आहेत. मग एक म्हातारा आवाज, अगदी शांत, म्हणाला, "जाऊ दे." चौथ्यात नुसता उसासा. पाचव्यात एक माणूस मागे वळून कुणाला तरी सांगत होता, "अकरा आहेत पुढं, तू पाणी पुसून घे तोवर," आणि बंद. तो ऐकत गेला. एकही फोन चुकून लागलेला नव्हता. चुकून लागलेला माणूस "कोण बोलतंय?" म्हणतो, "अरेच्चा" म्हणतो. ही माणसं नीट, ठरवून, आपल्या घरातल्या पाण्यात उभी राहून फोन करत होती आणि पुढची रांग ऐकून माघारी फिरत होती. त्यानं ध्वनिमुद्रण थांबवलं.

आणि तो गोड आवाज त्यानंच बसवला होता. तीन वर्षांपूर्वी. त्याआधी रांगेतल्या माणसाला नुसती बासरी ऐकू यायची आणि आपण कितवे आहोत हे काही कळायचं नाही. त्याला ते अपमानास्पद वाटायचं. माणसाला खरं काय ते सांगावं, मग थांबायचं की नाही ते त्याचं तो ठरवील, असं त्यानं साहेबांपुढे मांडलं होतं, जरा तावातावानंच. दहा सेकंदांचा नियम मात्र त्याहून जुना होता, बासरीच्या काळातला. तेव्हा तो बरोबरच होता. दहा सेकंदांत बासरीला कंटाळून कोण ठेवणार? आवाज नवा आला आणि नियम जुना राहिला. त्या दिवसापासून जो कुणी रांग ऐकून परत फिरला तो त्याच्या गणितात चुकून आलेला ठरला. माघारी फिरणारे वाढले तसे फोन कमी झालेले दिसले, रांग आखूड झाली, त्याचं कौतुक झालं. कुणी फसवलं नव्हतं. सगळं नियमानं झालं होतं, आणि करणारा तो एकटाच होता. इतकी वर्षं फोन मोजून हे आपल्याला दिसू नये? त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ एक हलकट विचारही आला, की हे अजून कुणालाच माहीत नाही. चौदा म्हणून टाकावं. ताईंना वाटेल आकडाच तसा आहे. आणि सतरा म्हणायचं तर त्या कौतुकाचं काय करायचं, ते परत कसं करायचं?

त्यानं तो म्हातारा आवाज पुन्हा लावला. "जाऊ दे." या दोन शब्दांना एक वास होता, आणि तो कसला हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. दवाखान्याचा. लहानपणी घरामागच्या गल्लीत एक डॉक्टर होते, त्यांच्या दवाखान्यात एक लाकडी बाक, त्यावर दाटीवाटीनं बसलेली माणसं, आणि दारात उभा असलेला कंपाउंडर, कुणी आलं की मान वर न करता सांगणारा, "तुमच्या आधी नऊ आहेत." किती छान पद्धत होती ती! माणूस काय ते ठरवायला मोकळा. यंत्रातला गोड आवाज त्याला सुचला तो त्या कंपाउंडरवरूनच. साहेबांना त्यानं ही गोष्ट मोठ्या खुशीत सांगितलीही होती. पण गोष्टीचा पुढचा भाग त्यानं कधी कुणाला सांगितला नव्हता, कारण तो त्याला आत्तापर्यंत आठवलाच नव्हता. आईबरोबर तो तिथं कितीदा तरी गेला होता. त्याला खोकला असला, कान दुखत असला की "नऊ आहेत" ऐकून आई पदर सावरून बाकाच्या टोकाला जागा करून घ्यायची आणि त्याला मांडीवर घ्यायची. नऊ असोत की एकोणीस. पण कधीकधी त्याला काहीच झालेलं नसायचं. घरी एकटा कसा ठेवायचा म्हणून नुसता बरोबर नेलेला असायचा. तेव्हा कंपाउंडर तेच सांगायचा आणि आई उंबऱ्यावरूनच म्हणायची, "जाऊ दे. उद्या येऊ." आणि तो उड्या मारत घरी यायचा, कारण त्याला खेळायला मिळायचं. उद्या ते कधी गेले का? त्याला आठवेना. एक आठवत होतं की वाटेत ती एकदा भिंतीला हात टेकून उभी राहिली होती आणि तो तिचा दुसरा हात ओढत होता, चल ना, चल ना. तिला तेव्हा काय होत होतं हे त्यानं त्या वेळी विचारलं नाही, नंतरही नाही, आणि आता विचारायचं तर कुठल्या दिवसाबद्दल विचारणार?

तो उठला. बायकोला फोन करून म्हणाला, आईकडे जाऊन येतो. "आज? शनिवारी? काय झालं?" "काही नाही. सहज." आपण हुबेहूब आईसारखं बोललो हे त्याच्या लक्षात आलं. बायको म्हणाली, "बरं. सावकाश या." आई शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून जावं लागे अशा वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. वडील गेल्यावर ये म्हटलं तर आली नव्हती. इथं मला डोळे मिटूनसुद्धा सगळं सापडतं, असं तेव्हा म्हणाली होती. बसमध्ये खिडकीशी बसून तो दुकानांच्या पाट्या वाचत राहिला आणि वाचलेलं काहीच डोक्यात शिरेना. सतरा म्हणायचं, असं एका थांब्यावर ठरायचं आणि पुढच्या थांब्यावर मोडायचं. त्या तिघांचे चेहरे आठवायचा त्यानं प्रयत्न केला. एकीची वेणी आठवली, एकाचा चष्मा. अर्ध्या तासाच्या कप्प्यांमध्ये चेहरे ठेवायला जागा नसते, आणि तीच त्या कप्प्यांची सोय असते, हे त्याला अगदी स्पष्ट दिसलं.

दार उघडून आई त्याच्याकडे बघत राहिली. म्हणजे त्याच्याकडेही नाही, त्याच्या खांद्याच्या जरा पलीकडे. मग तिनं मान वळवली आणि तिचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. "अगंबाई, तू? काय झालं? घरी सगळे बरे आहेत ना?" "बरे आहेत." "मग?" "मग काय? आलो." "भाजी आहे अजून फ्रीजमध्ये," ती म्हणाली, जणू तो भाजी संपल्याची खबर ऐकून आला होता. तो नेहमीच्या खुर्चीत बसायला गेला तर म्हणाली, "तिथं नको, इकडं बस, इकडं वारं येतं," आणि त्याला पलंगाच्या कडेला, आपल्या उजव्या हाताला बसवलं. चहा टाकला. "काय काम होतं का इकडं?" "नाही." "बँकेत वगैरे?" "शनिवारी दुपारी कसली बँक, आई?" ती हसली. चहा ओतताना तिनं कपाच्या काठावर बोट टेकवलं होतं. बोटाला चहा लागला तशी ती थांबली. हे त्यानं पाहिलं. डाव्या दंडावर एक निळसर डाग होता. "हे काय?" "दाराची चौकट. एवढ्याशा घरात चौकटी तरी किती ठेवतात मेल्या." हेही त्यानं ऐकलं. इतकी वर्षं येणाऱ्या फोनांच्या रेषेत कुठं बारीकसं टेंगूळ आलं की त्याला रात्री झोप लागायची नाही, आणि इथं तो गेल्या कित्येक रविवारी त्या नेहमीच्या खुर्चीवर बसून विजेच्या बिलाची चौकशी करून गेला होता.

तिनं नळ गळतो ते सांगितलं. त्यानं नळ आवळून दिला. तिनं खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या सुनेचं सांगितलं, मग त्या सुनेच्या बहिणीचं सांगितलं. त्याच्या बायकोची, मुलीची चौकशी केली आणि थोड्या वेळानं तीच चौकशी पुन्हा केली. एरवी एवढ्यात तो उठलेला असायचा. तीही त्या बेतानंच बोलत असावी, कारण तिच्याजवळचं सांगण्यासारखं आता संपलं होतं आणि तो बसलेलाच होता. "तुला उशीर होत असेल," ती म्हणाली. "नाही." "बरं." मग दोघंही गप्प बसली. त्याला हे फार अवघड गेलं. हात कुठं ठेवावेत ते कळेना, म्हणून त्यानं ते मांडीवर ठेवले, आणि मग त्याला आठवलं की हॉलमधली रिकामी माणसं अशीच बसतात, साहेबांना ज्यांचा राग येतो ती. बाहेर कुणीतरी सायकल शिकत होतं आणि पडत होतं. पंखा एका बाजूला किंचित घासत फिरत होता.

"सकाळी फोन केला होतास," तो म्हणाला.

"हो. सहज."

"दोनच रिंगा दिल्यास."

"तूच म्हणाला होतास ना," ती म्हणाली. "दोन रिंगांत नाही उचलला तर समज मी कामात आहे. मग धरून ठेवलं तर तुला ओशाळं होतं, लोक बघतात."

म्हणाला होता. दारात, बूट घालता घालता म्हणाला होता, तिनं उगीच काळजी करत बसू नये म्हणून. खरं काय ते सांगावं, मग थांबायचं की नाही ते माणसाचं माणूस ठरवील. यंत्रातला गोड आवाज त्यानं ऑफिसातच बसवला होता असं नाही, तो इथंही बसवून गेला होता, आणि दोन्हीकडे त्याला आपण फार भलं वागतोय असं वाटलं होतं.

"मी दर वेळी ठरवायची," ती म्हणाली, आणि आता ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. "दोन रिंगांत उचललास तर सांगून टाकायचं. नाही तर उद्या."

"काय सांगायचं, आई?"

तिनं चाचपून कप टेबलावर ठेवला. "ह्या डोळ्यानं मला दिसत नाही." तिनं डाव्या डोळ्यावर तळहात धरला आणि काढला. "झाकला काय, उघडा काय. खालच्या बाई घेऊन गेल्या होत्या डॉक्टरांकडे. ते म्हणाले, हा तर गेला, आता दुसऱ्यालाही तेच सुरू झालंय, पण वेळेत आलात तर तो राहील. मुलाला घेऊन या म्हणाले. सह्याबिह्या लागतात."

"आणि हे सुरू कधी झालं?"

"थंडी होती तेव्हा." डोक्यावर पंखा फिरत होता. ती पंख्याकडे बघून म्हणाली, "घाबरू नकोस. दुखत नाही काही."

त्याला ओरडावंसं वाटलं, तिच्यावर, की एवढी गोष्ट दोन रिंगांवर कुणी सोडतं का? पण उंबऱ्यावरून परत फिरणारी ती काही आजची नव्हती, आणि तिचा हात ओढणाराही आजचा नव्हता. "किती वेळा केलास फोन?" त्यानं विचारलं. हे विचारून काय मिळणार होतं कोण जाणे. त्याला दुसरं काही विचारता येत नव्हतं एवढंच.

"मोजले नाहीत रे," आई म्हणाली. "मोजायचं काम तुझं."

तिच्या बोलण्यात कसलाही टोमणा नव्हता. फळ्यांना रंधा मारायचं काम सुताराचं, तसं तिनं ते म्हटलं होतं. टोमणा असता तर त्याला काही उत्तर तरी देता आलं असतं. तो उठला, पलंगाभोवती एक फेरी मारून या वेळी तिच्या दुसऱ्या हाताला बसला, आणि तिचा तो निळा डाग असलेला दंड त्यानं हातात धरला. रडू त्याला आलं ते अगदी थोडं, आणि तिनं ते पाहिलं नाही, कारण तो नेमका तिच्या डाव्या बाजूला बसला होता.

फोन वाजला. एक रिंग, दुसरी, तिसरी. "घे," आई म्हणाली. "कामाचा असेल." साहेबच होते. त्यांना आकडा हवा होता. पुढे कळवायचं होतं, लोक थांबले होते. "चौदा धरू ना?"

"सतरा," तो म्हणाला.

"काय?"

"सतरा, साहेब. एकही कमी नाही. सकाळचं माझं चुकलं. म्हणजे तीन वर्षांपासून चुकतंय. ते दहा सेकंदांत ठेवणारे आहेत ना, त्यांना काम होतं. मी ऐकलंय. तुम्हालाही ऐकवतो."

मग साहेब म्हणाले, आवाज न चढवता म्हणाले म्हणूनच ते जास्त लागलं, "तीन वर्षं मी तुझे आकडे घेऊन वर गेलोय. आता हे मी कुठल्या तोंडानं सांगू? सोमवारी सकाळी पहिल्यांदा माझ्यासमोर येऊन बस. मग त्या तिघांचं बघू, आणि तुझंही बघू."

"सोमवारी मी नाही," तो म्हणाला. "मंगळवारी येतो. मग काय ते बोला."

"सोमवारी नाही? अरे, सोमवारी किती फोन तुंबतात ते तूच आम्हाला शिकवतोस ना?"

"हो. आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचंय. गळतीत धरा."

त्यानं फोन ठेवला. मंगळवारी काय होणार याचा अंदाज त्याला बांधता आला असता, तेच तर त्याचं काम होतं, पण तो बांधावासा वाटला नाही. आई मान तिरकी करून ऐकत होती.

"कसले सतरा?"

"माणसं. फोन घ्यायला बसतात ती."

"एवढी लागतात?"

"लागतात. त्यातली दोघं-तिघं नुसती बसून असतात."

"नुसती?" तिला ते पटेना. "पगार घेऊन?"

"हो. कुणी फोन केला तर पटकन उचलायला."

बाहेरची सायकल आता पडायची थांबली होती. शिकणारा घंटी वाजवत लांबवर जात होता आणि मागून कुणीतरी त्याला सावकाश, सावकाश असं ओरडत होतं. "मग बरंय," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "तू बसणार आहेस ना अजून जरा?"

"बसणार आहे."

ती उठली, पाठीमागे हातानं चाचपत तिनं आपली खुर्ची धरली, आणि तो नीट दिसेल अशा बाजूला फिरवून घेऊन बसली.